वैशूचा डावा कान

(सुरतेत उधन्याच्या एका खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या इंदूबाईंनी सांगितलं, ते त्यांच्याच बोलीत उतरवलं आहे.)

मी मूळची शिंदखेडा तालुक्यातली, दोंडाईच्याच्या अलीकडे आमचं गाव, लहान आहे, नाव सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. लग्नानंतर वर्षभरात आम्ही इकडं आलो, यांचा मोठा भाऊ आधीच कापडाच्या लूमवर कारीगर होता, त्यानं यांना लावून घेतलं. खोली भेटली ती कारखान्याच्या मागच्याच चाळीत. मधी एक भिंत, भिंतीपलीकडं लूम, दिवसपाळी रातपाळी खटखट खटखट, फळीवरची ताटं हलत राहतात. आम्ही घरात सगळे ओरडूनच बोलतो, सवय पडली. गावाला गेलो की माझी माय म्हनायची, का वं भांडी ऱ्हायना तुम्ही? आता भांडन नाही माय, बोलतो आहे, असं सांगावं लागायचं. यांना तर आता दोन्ही कानांनी कमीच येतं, लूमवर वीस वर्षं काढलेला मानूस, दुसरं काय होनार.

पोरगी झाली, वैशाली, नंतर पोरगा झाला, आनि ती चार-पाच वर्षांची असताना मी दवाखान्यात कामाला लागली. डाक्टरसाहेब गुजराती, लहान लेकरांचे डाक्टर, मानूस चांगला. झाडू-पोछा माझा, सुया-पिचकाऱ्या उकळून ठेवायच्या त्या माझ्या, आनि टोचायच्या टायमाला लेकरू धरायचं ते पन माझ्याकडंच आलं, कारन आया रडतात, हात ढिला सोडतात, मी नाही सोडत. किती लेकरं धरली असतील मी ह्या हातांनी, काय सांगू तुम्हाला, बाजारात बाया ओळखतात, म्हनतात हीच ती सोयवाली बेन, म्हनजे सुईवाली.

तिथंच मला कळलं की गालगुंडाची पन सुई असते. आमच्याकडं गालगुंड म्हनजे काय, गाल सुजला, लेप लावला, आठ दिवसांत उतरला. सरकारी दवाखान्यात ती सुई नव्हतीच, साहेबांकडं होती, गोवर आनि गालगुंड दोन्ही एकातच. साहेब एकदा म्हनाले, इंदुबेन, तू माझ्याकडं काम करते आनि तुझी छोकरी बिनसुईची राहील हे बरं नाही. आनि त्यांनी आपल्या हातानं वैशूला टोचलं, धरली मीच. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. चाळीत मी सांगत फिरली, माझ्या पोरीला आता गालगुंड होनार नाही. आता वाटतं कशाला सांगत फिरली.

प्लेगच्या वर्षी सगळे गावी पळाले, आम्ही पन गेलो, परत आलो, त्याच्यानंतर दोनेक वर्षांनी वैशू सहावीला होती तेव्हा चाळीत गालगुंडाची साथ आली. इकडं गालपचोळिया म्हनतात. शेजारचे तिघं, समोरचा एक, सगळे गालाला फडकं बांधून बसलेले. मी बिनघोर. मग एक दिवस वैशूचा डावा गाल सुजला, फार नाही, थोडासाच, ताप पन थोडाच. शेजारीन म्हने, हिला पन झालं वाटतं. मी म्हनली, हिला कसं होईल, हिला टोचलंय, दाढ असेल. दाढच धरून बसली मी. साहेबांना कामाच्या गडबडीत सांगितलं, दाढ सुजली पोरीची. गर्दी होती, ते म्हनाले मिठाच्या पान्यानं चूळ भरू दे, उद्या घेऊन ये. मी नेलीच नाही. त्यांनी पन दुसऱ्या दिवशी इचारलं नाही. चौथ्या दिवशी तिला चक्कर आली, उलट्या झाल्या, म्हने आई, खोली फिरते आनि कानात गुं गुं होतं. मी म्हनली, कारखान्याच्या मागं राहतो माय आपन, गुं गुं कोनाला होत नाही.

सूज उतरली, पोरगी शाळेत जायला लागली, विषय संपला असं मी समजली.

नंतर पाच-सहा महिने काय झालं, तर पोरगी बिघडली असं आम्हाला वाटायला लागलं. हाक मारली तर बघायची नाही. पीठ आन म्हनलं तर मीठ आनायची. बाईंनी शाळेतून सांगून पाठवलं, वैशाली लक्ष देत नाही, तोंड फिरवून बसते. हे म्हनायचे, तुले आयकू येस नही का, आनि ती गप्प. गप्प राहिली की आम्हाला जास्तच राग यायचा. घरात इतका आवाज की कोन बहिरं आनि कोन हट्टी, कसं कळावं?

कोपऱ्यावर एका काकांचा फोनचा गाळा आहे, गावाकडून फोन आला की ते पोरं पाठवून बोलावतात. माझ्या भावाचा फोन आला, माझी माय आजारी होती. मी बोलली, मग म्हनली वैशू, मामाशी बोल. तिच्या उजव्या हातात दुधाची बरनी होती, तिनं डाव्या हातानं फोन घेतला, डाव्या कानाला लावला, आनि म्हने मामा बोलत नाही. मी घेतला, भाऊ बोलतोच आहे. परत दिला. परत म्हने, कोनी बोलत नाही, बंद आहे. माझी माय तिकडं अंथरुनावर पडलेली, आनि ही पोरगी नाटकं करते, मला तसंच वाटलं, मी सगळ्यांच्या समोर तिच्या तोंडात मारली. दूध सांडलं. काका उठले, म्हने बेन, छोकरीने मारो मा, पोरीला मारू नका. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आनि तिच्या दुसऱ्या कानाला लावला. वैशू माझ्याकडं बघायला लागली. म्हने आई, आता मामा बोलतो आहे.

मी तिथंच बाकड्यावर बसली. भाऊ फोनवर हॅलो हॅलो करत होता.

मोठ्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवून तिचा कान तपासला. आवाज आला की बोट वर कर, असं तिला सांगितलं होतं. उजव्या बाजूला पटपट बोट वर करायची. डाव्या बाजूला मशीन चालू आहे, बाहेर बाई बटनं दाबते आहे, आनि माझी पोरगी शहान्यासारखी मांडीवर हात ठेवून वाट बघते आहे, आवाज कधी सुरू होईल म्हनून. मी काचेतून बघत होती. कानाच्या डाक्टरनं सांगितलं की गालगुंडानं आतली नस गेली, ही परत येत नाही, दुसरा कान जपा.

हे घरी आल्यावर एकच बोलले, तुझ्या साहेबाची सुई. मी तीन दिवस कामावर गेली नाही. शेजारची तिन्ही पोरं, न टोचलेली, खडखडीत बरी होऊन अंगनात खेळत होती, त्यांच्या आया माझ्याकडं बघत राहायच्या.

चौथ्या दिवशी गेली ती भांडायलाच. साहेबांनी जुनं कार्ड काढलं, त्याच्यावर त्यांचंच अक्षर. तारीख वाचली. मग म्हनाले, इंदुबेन, सुईनं पुष्कळ लेकरं वाचतात, पन सगळी नाही वाचत, एखाद्याला तरी होतंच, आनि झाल्यावर कान जानं हे तर अजून थोड्याच लेकरांचं होतं, ते आपल्या वैशूचं झालं. मी म्हनली, लवकर आनली असती तर कान वाचला असता का? ते म्हनाले, बहुतेक नाही, त्याला औषध नाही. पन तू सांगितलं तेव्हा मी उठून बघायला पाहिजे होतं, निदान तू सहा महिने पोरीला रागवली नसती. त्यांच्या डोळ्यात पानी होतं. मी भांडायला आलेली, भांडली नाही. पिचकाऱ्या उकळायला ठेवल्या.

वैशू कधी रडली नाही त्याच्यावर. एकदा मी तिला इचारलं, तुला त्या दिवसाचा राग आहे का माझ्यावर. ती म्हने, मारल्याचा नाही. मी खरं सांगत होती ते तू खोटं समजली, त्याचा आहे, पन जाईल. आनि मग हसून म्हने, आई, एक मजा सांगू, मी चांगला कान उशीत दाबून झोपते ना, तर सगळा कारखाना बंद होतो. तुम्हाला कोनाला झोप नाही, मला आहे. तिला हसू आलं, मला आलं नाही.

आता ती नववीला आहे. वर्गात डाव्या हाताला भिंत येईल अशी पहिल्या बाकावर बसते, बाईंनीच जागा दिली. रस्त्यानं चालताना मी तिच्या डाव्या बाजूनं चालते, तिकडून टेम्पो आला तर तिला कळत नाही. ती चिडते, म्हने मी काय लहान आहे का. असेल मोठी, मी तिकडूनच चालते. लग्नाचं कसं होईल ते हे कधी कधी बोलतात, मी म्हनते होईल तेव्हा बघू. थकली मी, रोज एकाच गोष्टीचा इचार किती करायचा.

दवाखान्यात अजून आहे. अजून लेकरं धरते. कोनी आई इचारते, तुमच्या पोरीला टोचून पन झालं ना, मग आम्ही टोचू का नको? खोटं नाही बोलत मी. म्हनते, हो, झालं. तरी टोच. माझ्या पोराला पन तेव्हाच टोचलं, त्याच साथीत तो त्या सगळ्या पोरांत खेळला, त्याला काही नाही झालं. पन गाल सुजला तर टोचलंय म्हनून घरी बसू नको, घेऊन ये. आनि नंतर लेकरू ऐकत नाही असं वाटलं, तर हात उचलायच्या आधी एक एक कान झाकून बघ. एवढं मी सगळ्यांना सांगते. ऐकतात कोनी, कोनी नाही ऐकत. तुमची लेकरं सुखी राहोत ताई, मला आता उठू द्या, चारला दवाखाना उघडतो.