न फिरवलेली किल्ली

परदेशातल्या हॉस्पिटलात, एक्स-रेच्या खोलीबाहेर, मागच्या बाकाकडून मराठी ऐकू आलं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीच्या एका आखूड पायाभोवती लोखंडी कडी होती. शेजारी तिचे वडील बसले होते.

"काय म्हणाले डॉक्टर? मला एक अक्षर कळलं नाही."

"हाड वेळेआधी जुळलंय, बाबा. पाय वाढायचा थांबलाय. हाड पुन्हा कापावं लागेल."

"असं कसं जुळलं?"

"या कड्यांची किल्ली फिरवली की हाडाची कापलेली टोकं लांब सरकतात, आणि पाय वाढतो. नाही फिरवली की मधली फट भरून जाते."

"रोज तर फिरवतो मी."

"बाबा."

"फिरवतो म्हणजे... तू ओठ चावायचीस गं. मग कधीकधी नुसती लावून काढून घ्यायचो. म्हटलं, आज पोरीला जरा झोप लागू दे."

"माहीत होतं मला."

"आणि गप्प बसलीस?"

"किल्ली फिरली की आत ओढ बसते. बसली नाही, की मी मुद्दाम विव्हळायचे. मला कळलंय असं तुम्हाला वाटायला नको."

"नाटकी कुठली! आईवर गेलीस."

"पुन्हा कापू द्यायचं का, ते सांगा. नाहीतर असेच घरी जाऊ. आधीही चालत होतेच की मी."

"लंगडत."

"हो, लंगडत."



"कापू दे. पण किल्ली नर्सबाईंकडे दे. माझ्याकडे नको."

"मीच फिरवणार. तुम्ही फक्त समोर बसा, आणि मी थांबले तर रागवा."

"मला नाही जमणार गं रागवायला."

"मग पाठ करून बसा. पण खोलीत बसा."