पुण्याला गेलेला माझा दाखला

शेजारचे सलीमभाई आजकाल माझ्याशी बोलत न्हाईत, पण त्यात माझी चूक लई थोडी हाय.

त्यांची सलमा बारावी झाली. पोरीला उमरग्यात बी.एस्सी. करायची होती. फी झेपणारी, एसटीचा पास, जेवायला घरी. पण आमच्या मुरुम गावात पुण्याच्या कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजचा एजंट आला आन् सलीमभाई त्याच्या रंगीत पुस्तकावर भाळले. "ओरिजनल कागदं द्या, सीट पक्की," एजंट म्हणाला. कागदं एकदा कॉलेजच्या कपाटात गेली, की पोरीला दुसरीकडं जायची वाट बंद.

सलमा रडकुंडीला आली. "तात्या, अब्बा ऐकंनात. कायतरी करा."

म्या म्हणलं, "कागदांचं पाकीट आण इकडं."

दुपारी एजंटानं ते पाकीट न उघडताच बॅगेत कोंबलं. त्याला अजून चार गावं गाठायची होती.

आठ दिवसांनी सलीमभाईंना फोन आला. कॉलेजचा माणूस एवढा ओरडत होता की मला त्यांच्या ओट्यावर ऐकू आलं. "अहो, पाकिटात चौथी नापासाचा दाखला निघालाय! जन्मसाल तर माझ्या वडलांच्या आधीचं हाय!"

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. "तात्या, सलमाची कागदं कुठंयत?"

"उमरग्यात. ॲडमिशन होऊन तीन दिवस झाले."

ते फोन ठेवायला निघाले. म्हणून फोन म्याच घेतला आन् म्हणलं, "साहेब, विद्यार्थी बोलतोय. होस्टेलात तळमजल्याची खोली द्या, गुडघे लई दुखत्यात."