टपालपेटीवर नसलेलं नाव

(जर्मनीतलं कासेल, शनिवारची दुपार. स्वयंपाकघरात तिघं जॉर्जियन: दारिको, डायलिसिस केंद्रातली नर्स, गुराम, तिच्या वडिलांचा मित्र, ज्याच्या भाड्याच्या घरात ती दोन वर्षं राहते आहे, आणि त्याची बायको नानुली.)

दारिको : आवाज कमी करणार नाही. ऐकू दे शेजाऱ्यांना!

गुराम : अगं, शोरूमवाल्याने गाडीचं कर्ज नाकारलं तर माझ्यावर कशाला खेकसतेस? मी काय बँक आहे?

दारिको : त्याने सगळ्यांसमोर स्क्रीन माझ्याकडे वळवली. लाल अक्षरात माझं नाव. "बाई, तुम्ही बिल बुडवलंय, तीन नोटिसांना उत्तर नाही." मी! दुकानात कधी एक पैसा उधार ठेवला नाही मी!

गुराम : कसलं बिल?

दारिको : जुन्या फोनचं. कनेक्शन बंद केलं, त्याचं शेवटचं बिल पोस्टाने पाठवलं म्हणे. अडतीस युरो. अडतीस युरोसाठी मी या देशात लबाड ठरले, काका!

गुराम : मग भर आणि मोकळी हो.

दारिको : तिथेच उभ्या उभ्या भरले. तो म्हणाला, पैसे भरले तरी रेकॉर्डवर डाग राहतो, तीन वर्षं. आणि मला गाडी येत्या सोमवारीच हवी. केंद्रातली हेल्गा निवृत्त झाली, आता मला सकाळी तिच्यासारखं गाडीतून कोण नेणार? पाळी सहाला सुरू होते, पहिली बस सव्वासातला. डायलिसिसला आलेला पेशंट माझ्या बसची वाट बघेल का? नोकरी गेली की व्हिसा गेला. मग मी परत जॉर्जियात, रुस्तावीला, आईच्या दारात.

गुराम : हे मला का ऐकवतेस?

दारिको : कारण नोटिसा याच पत्त्यावर आल्या. आणि परत गेल्या. का गेल्या, सांगा ना! खाली टपालपेटीवर कुणाचं नाव आहे?

गुराम : माझं. भाडेकरार माझा आहे.

दारिको : आणि माझं?

गुराम : हे बघ, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मालकाला तुझा पत्ता लागता कामा नये. पोटभाडेकरू ठेवला म्हणून तो मला उद्या बाहेर काढेल. तू इथे राहतेस या सरकारी नोंदणीला मुकाट सही दिली की नाही? तेवढं कोण करतं? भल्याची दुनियाच नाही.

दारिको : भलं? त्या कोंदट खोलीचे महिन्याला चारशे घेता, ते भल्याचेच ना?

गुराम : जीभ आवर! तुझ्या बापाशी मैत्री होती म्हणून ठेवली.

दारिको : बापाला मध्ये आणू नका. पोस्टमन तरी घरी आला असेल. तुम्ही त्याला काय सांगितलं?

गुराम : मी काहीच सांगितलं नाही.

नानुली : मी सांगितलं.

दारिको : काकू?

नानुली : दोन पत्रं पेटीवरूनच परत गेली असतील. तिसरं घेऊन तो वर आला. विचारलं, या नावाच्या बाई इथे राहतात का? दार मी उघडलं होतं. हा आतून म्हणाला, नाही म्हण. मी नाही म्हटलं.

गुराम : नानुली, तू राजम्याकडे बघ. लागेल खाली.

नानुली : लागू दे.

दारिको : आणि तुम्ही दोघं रोज माझ्यासोबत जेवायला बसत होतात. वा! एका ताटातलं खाऊन माझ्याच पोटावर पाय.

गुराम : बरं, झालं ते झालं. आता अकलेचं बोलू. गाडी माझ्या नावावर घे. माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे. हप्ते तू भर, कागद माझे. शनिवार-रविवार गाडी मला लागेल, भाजीबाजाराला. तुझी नोकरीही राहील.

दारिको : म्हणजे पैसे माझे, गाडी तुमची.

गुराम : सध्यापुरतं गं. आपल्या माणसावर एवढाही विश्वास नाही?

दारिको : होता. आज सकाळपर्यंत होता. मला तुमची गाडी नको, एक चिठ्ठी हवी. तो शोरूमवाला लोहमान म्हणाला, पत्रं मला मिळालीच नाहीत असं घरातल्या कुणी लिहून सही केली, तर तो डाग काढता येईल. त्या चिठ्ठीवर तो आजच अर्ज करेल, आणि तोवर त्याची जुनी डेमो गाडी मला भाड्याने देईल. शोरूम चारला बंद होतं.

गुराम : मी लिहू? माझ्या हाताने? "ही बाई माझ्याकडे चोरून राहत होती आणि मी पोस्टमनला खोटं सांगितलं" म्हणून? खुळी झालीस का? तो कागद मालकाच्या हाती पडला तर आम्ही रस्त्यावर येऊ!

दारिको : मी रस्त्यावर आले तर चालतं!

गुराम : तू तरुण आहेस. मी एकोणीस वर्षं घासली या घरासाठी.

नानुली : आपण घासली.

गुराम : तेच ते.

नानुली : तेच नाही. मी सतरा वर्षं शाळेच्या फरश्या पुसल्या. पगार तुझ्या खात्यात. घर तुझ्या नावावर, वीज तुझ्या नावावर, भंगारात गेलेली जुनी गाडीसुद्धा तुझ्याच नावावर होती. मीही "सध्यापुरतं" म्हणूनच हो म्हटलं होतं, गुराम.

गुराम : आता हे काय मध्येच काढलंस? पोरीसमोर!

नानुली : दारिको, चिठ्ठी घरातल्या कुणाचीही चालेल म्हणालीस ना?

दारिको : हो. सज्ञान माणूस हवा, बस. पण काकू, खरंच घर गेलं तर?

गुराम : जाईलच! नानुली, सांगून ठेवतो, सही केलीस तर या घरात...

नानुली : काय करशील? करारात माझं नाव नाही, मला काढायलाही काही लागणार नाही तुला. दारिको, जर्मन मला धड लिहिता येत नाही. तू लिही, मी काय म्हणाले तेच लिही. सही मात्र कुठे करायची ते नीट दाखव. या देशात मी पहिल्यांदाच करते आहे.