रामेश्वराशी सासूबाईंचं भांडण

तुम्हाला आमच्या रामेश्वरच्या यात्रेचं सांगितलंच नाही का? दुष्काळाचं साल होतं, उसाविना साखर कारखानाही बंद. पावसासाठी देवाला साकडं घालायला मी सासूबाईंना घेऊन गेले. तिथं दर्शनाआधी देवळातल्या बावीस विहिरींच्या पाण्यानं अंघोळ करतात. विहिरीवरचा माणूस आख्खी बादली डोक्यावर ओततो. पहिल्याच विहिरीला सासूबाई ओरडल्या, "आरं, निम्मीच वत की! पाणी फुकट चाललंय!" त्याला मराठी कळेना, तो ओततच राहिला.

गाभाऱ्यासमोर मी हात जोडले, तर सासूबाई थेट देवालाच म्हणाल्या, "आमच्या परळीचा म्हादेव बी तूच ना? मग हितं बावीस विहिरी अन् तिथं टँकर, कावून?"

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, देव रागावला तर पाऊस जायचा!"

"रागावू दे. मागून न्हाई दिला, भांडल्यावर तरी देईल!"