पालकसभेला कोण जाणार

थोरली : निळाच ड्रेस घाल. खांद्यात जरा ढगळ होईल तुला, पण वरून ओढणी घेतलीस की कळायचं नाही. आणि केस मागे बांध, मी बांधायची तसे.

धाकटी : मी हो कधी म्हणाले?

थोरली : काय? अगं, या बाजूला ये. त्या कानाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

धाकटी : म्हटलं, मी हो कधी म्हणाले. तुझी बहीण म्हणून सांगशील तिथं जाईन, ताई. पण तू म्हणून कशी जाऊ?

थोरली : त्यात काय अवघड आहे? एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, असं सगळे म्हणत आलेच आहेत. माझा जुना चेहरा तुझ्याकडे आहे. तासाभरासाठी उसना मागतेय, एवढंच.

धाकटी : असं बोललीस की मला भांडताही येत नाही. डोळ्यात थेंब घातलेस का?

थोरली : घातले. विषय बदलू नकोस. चार वाजता सभा आहे. चिंगीच्या वर्गाच्या बाई या वर्षीच आल्यात, तिच्या आईला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

धाकटी : कसं नाही? मागच्या महिन्यात चिंगीला आणायला तूच गेली होतीस ना?

थोरली : गेले होते.

धाकटी : मग?

थोरली : आई म्हणून नव्हते गेले.

धाकटी : नीट सांग बघू.

थोरली : स्कार्फ गुंडाळून गेले होते. कानामागचे टाके झाकायचे होते, आणि तोंडही, जमेल तेवढं. फाटकाशी वाऱ्यानं तो सुटला. तेवढ्यात चिंगी मैत्रिणींबरोबर धावत आली आणि मला बघून अलीकडेच थांबली. आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या बुटांकडे. एक पोर तिला विचारायला लागली, ही कोण गं, हिचं तोंड असं का? मागे बाई उभ्या. चिंगी गप्प. मला वाटलं, या लेकराला कशाला उत्तर द्यायला लावायचं. मीच म्हणाले, मी हिची मावशी, आई अजून दवाखान्यात आहे.

धाकटी : म्हणजे मी.

थोरली : म्हणजे तू. घरी येईपर्यंत तिनं माझा हात धरला नाही. मीही पुढे केला नाही. आता बाईंनी निरोप दिलाय, आई घरी आल्या असतील तर या वेळी त्यांनीच यावं. सांग ना, मी कुठल्या तोंडानं जाऊ? हसू नकोस, बोलायची पद्धत आहे ती.

धाकटी : हसत नाही मी. डॉक्टर म्हणाले ना, चेहऱ्याची नस तुटलेली नाही, दुखावलीय. वेळ लागेल, पण हालचाल परत येईल.

थोरली : आणि नाही आली तर? लिंबाएवढी गाठ, मेंदूला टेकलेली. सगळी खरवडली असती तर नस गेली असती, म्हणून नखाएवढी नसेला चिकटलेली तशीच ठेवली. का, तर चेहरा वाचावा. आता ती वाढू नये म्हणून किरण घ्यायचे. कान गेला, गाठ राहिली, आणि जिच्यापायी ठेवली ती नसही रुसलेली. पण खरं सांगू? जीव वाचला याचं मला फारसं काही वाटत नाही, ओठाचा कोपरा लोंबतो याची मात्र लाज वाटते. आणि असं वाटतं, याचीही लाज वाटते.

धाकटी : मग किरणांच्या दिवशीही मलाच पाठव. यंत्राखाली मी झोपेन. चेहरा तर तुझाच आहे.

थोरली : थट्टा करू नकोस.

धाकटी : थट्टा नाही करत. आज मी आई झाले, तर पुढच्या सभेला कोण? बक्षीस मिळालं तर टाळ्या कोण वाजवणार? जन्मभर स्वतःच्या लेकीची मावशी होऊन राहणार आहेस का तू?

(मुलगी आतल्या खोलीच्या दारात येते. एकाच पायात मोजा.)

मुलगी : मावशी, तो ड्रेस आईचा आहे.

धाकटी : हो गं. मला होतो का ते बघत होते.

मुलगी : तू आई होऊन येणारेस. मी ऐकलं.

थोरली : तुलाच बरं पडेल, बाळा. पोरी काही विचारणार नाहीत.

मुलगी : पोरी रोजच विचारतात, आई बरी झाली का म्हणून. बाईंनी तर एकदा सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावले. तू बरी व्हावीस म्हणून.

थोरली : तूही मिटलेस?

मुलगी : एकच मिटला. दुसरा बोटांनी उघडा धरला. तुझा मिटत नाही ना. मला बघायचं होतं किती झोंबतं ते.

थोरली : झोंबलं?

मुलगी : पाणीच आलं. बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी मला जवळ घेतलं. मला इतकी लाज वाटली, आई. माझं रडणं खोटं, आणि तुझं दवाखान्यात असणंही खोटं.

थोरली : मग त्या दिवशी फाटकाशी गप्प का होतीस तू?

मुलगी : तू हसतेयस की रागावलीयस तेच कळेना. आधी ते बघत होते. मग सांगणार होते. तेवढ्यात तू मावशी झालीस.

थोरली : मला वाटलं, तुला माझी लाज वाटली.

मुलगी : थोडी वाटली.

धाकटी : चिंगे.

मुलगी : थोडीच. थांबली असतीस तर संपली असती.

धाकटी : ताई, साडेतीन वाजून गेलेत.

थोरली : प आणि ब अजून नीट येत नाहीत मला. बोलता बोलता लाळ गळाली तर?

धाकटी : रुमाल घे.

थोरली : सगळे वळून बघतील.

मुलगी : पहिल्यांदा बघतातच. पण कुणी विचारलं ना, ही कोण, तर तू मध्ये बोलू नकोस हं, आई. मला सांगू दे.