बाबा चार ते पाच बाहेर

हुशारी कशी अंगलट येते, ते मले विचारा. अकोल्याच्या घरी मी राउटरले होम ऑटोमेशन जोडलं. ज्याचा मोबाईल वायफायवर, तो 'घरी'. वायफाय सुटलं की 'बाहेर'. आठवड्याभरानं जेवताना मी मोठ्या ऐटीत स्क्रीन दाखवली, "हे पाहा, बाबा रोज दुपारी चार ते पाच बाहेर!"

आईचा घास हातातच राह्यला. "त्या वेळेले तर आपण सारे झोपतो. कुठं जाता जी तुमी?"

बाबा पोळी मोडत म्हणाले, "दिगंबरकडे. चहा प्यायले."

दिगंबरकाका म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ. माझ्याच लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. आई ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी जाणं सोडलं. दोन आठवडे मी पाह्यलं, मग राहवलं नाही. म्हणलं, "बाबा, मी ते काढूनच टाकतो. नाहीतर तुमी मोबाईल घरी ठेवून जात जा."

"काहून काढतं? राहू दे," बाबा म्हणाले. "पाह्य ना, आता कसं चोवीस तास घरी दाखवून राह्यलं मले."