मोडनिंबची पोरगी आणि पुतण्याचं टक्कल

हसू नका, आदी ऐका. आमचा पुतण्या संतोष जिममध्ये वजनं मारायचा अन् केस लागले गळायला. वजनानंच केस गेले म्हणून त्यानं जिम सोडली. त्यात मोडनिंबला पोरगी बघायला निघालो, तर गडी टोपी घालूनच. म्हटलं, "काढ की, पोरीला चंद्रदर्शन घडू दे." ऐकंना.

पोहे घेऊन पोरगी आली. वेणी मनगटाएवढी जाड! मी विचारलं, "बाळ, तुला काय काय येतं?"

"वेटलिफ्टिंग. रोज करते."

संतोषचा चमचाच पडला. "अन् केस गळत न्हाईत?"

तिनं त्याची टोपी बघितली, मग शेजारी बसलेल्या त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या भावाचं, गुळगुळीत डोकं बघितलं. "काका, तुमी कधी जिमला गेलता?"

"छ्या! चहाच्या कपापरीस जड काय उचललं न्हाय."

"मग हे घरातनंच आलंय की. जिमला कशाला नावं ठेवायची? काढा टोपी."

संतोषनं मुकाट काढली. बघायला आमी गेलतो, अन् बघत होती ती!

म्हणाली, "डोकं चालंल. दंड उतरलेत. जिम परत चालू करा, मग कळवते."